डिस्चार्ज बुक

खानदेशात माजी सैनिकाच्या घरी काळी पत्र्याची ट्रंक असतेच. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत सात-बाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, पदकांची डबी, आणि सगळ्याच्या तळाशी, कापड दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. भांडीकुंडी वाटली गेली, शेताचे हिस्से पडले, तरी याला कोणी हात लावत नाही. पेन्शन त्याच्या जोरावर येते, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

आमच्या अमळनेरच्या गल्लीतले आप्पा नौदलात होते, बॉयलर रूममध्ये. बँकेचं काही काम निघालं किंवा जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्यायचा असला, की झेरॉक्स काढायला मला हाक येते. त्यामुळे त्यांच्या डिस्चार्ज बुकाशी माझी चांगली ओळख आहे. पुठ्ठ्याचा मूळ रंग आता सांगता येत नाही. शिवणीचा दोरा सुटलाय, एका कोपऱ्याला कसर लागलीय. शाई मात्र पक्की, आणि गोल शिक्के अजून जांभळे.

स्वभावाने हे बुक अगदी मितभाषी. नंबर, हुद्दा, ट्रेड, जहाजाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, सही. बस. 1971 ची लढाई ते एका ओळीत उरकतं. त्या वर्षी ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या चारांपैकी एका बॉयलरला तडा गेला होता, आणि तशाच अवस्थेत ते जहाज बंगालच्या उपसागरात लढलं. खाली वाफेजवळ उभ्या असलेल्या माणसांनी ते कसं रेटून नेलं असेल, याबद्दल एक अक्षर नाही. चारित्र्याच्या रकान्यात ‘व्हेरी गुड’. फुशारकी नाही, तक्रार नाही, आणि खोटं तर मुळीच नाही.

मला त्यातली सर्वांत बोलकी वाटते ती भरतीच्या वेळची नोंद. उंची, ओळखीची खूण, आणि छातीचं माप. ज्या पोराची छाती कोणीतरी टेप लावून मोजली आणि देशाच्या कामाला पुरेशी आहे असं लिहून दिलं, ते पोर आता ऐंशीच्या घरात आहे. ओट्यावरून दारापर्यंत आलं तरी त्याला धाप लागते. धुळ्याला छातीचा फोटो काढला, तेव्हा विडीबद्दल विचारलं, क्षयाबद्दल विचारलं, घरातल्या चुलीबद्दलही विचारलं. नोकरी कुठे केली, काय काम होतं, हे विचारलं नाही. आप्पांच्या सुनेने एकदा बुक माझ्यापुढे उघडं धरलं आणि म्हणाली, “भाऊ, यामा दमनं काही लिखेल शे का?”

नाही. त्या बुकात दम्याचं काही नाही. अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्दही नाही. पण तो पदार्थ जिथे जिथे होता, त्या सगळ्या जागांची नावं त्यात आहेत.

वाफेवर चालणारी त्या काळची ब्रिटिश बांधणीची जहाजं आठवा. ‘विक्रांत’ त्यातलंच, मूळचं ‘हर्क्युलिस’, बेलफास्टमध्ये 4 मार्च 1961 ला आपल्या नौदलात दाखल झालं. अशा जहाजांत बॉयलर, टर्बाइन आणि वाफेचे पाइप अ‍ॅस्बेस्टॉसच्या लेपाने आणि कापडाने मढवत. गॅस्केट त्याचं, पॅकिंगची दोरी त्याची. जहाजावरच्या भाषेत सगळ्याला एकच नाव, लॅगिंग. आप्पा सांगतात, व्हॉल्व्ह गळायला लागला की आधी लॅगिंग हातोडीने फोडून काढायचं, मग दुरुस्ती, मग नवं कालवून हाताने थापायचं. बंद जागा, उकाडा, आणि पिठाच्या गिरणीसारखी अंगभर पांढरी पूड. तोंडाला फार तर रुमाल. डोळ्यांना दिसणारा तो भुगा झटकला जायचा. त्याहून बारीक, न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसायचे. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा त्यांच्यामुळे होणारा फुप्फुसाचा रोग दिसायला वर्षानुवर्षं लागतात. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, वीस ते पन्नास वर्षांनी उगवतो. तोवर माणूस रिटायर होऊन केळीच्या बागेत पाणी भरत असतो.

म्हणून या बुकाला विचारायचं ते वेगळ्या रीतीने. ‘धूळ होती का?’ असं विचारलं तर ते गप्प बसतं. ‘कोणतं जहाज, कोणता ट्रेड, किती वर्षं?’ असं विचारलं तर शिक्क्यानिशी उत्तर देतं. जहाज कसं बांधलं होतं हे जगाला माहीत आहे. त्या ट्रेडचा माणूस दिवसभर कुठे उभा राहतो हेही माहीत आहे. दोन्ही एका कागदावर शेजारी आणली की साक्ष पुरी होते. अमेरिकेत जुन्या सैनिकांचे अ‍ॅस्बेस्टॉसचे दावे असेच उभे राहतात, नोकरीच्या नोंदीतल्या हुद्द्यावरून आणि जहाजावरून. ब्रिटनने डिसेंबर 2015 मध्ये मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना एकरकमी 1,40,000 पौंड देण्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे वाट खडतर आहे, आणि हे मला मनापासून सलतं. 1923 च्या भरपाई कायद्यात अ‍ॅस्बेस्टॉसिस व्यवसायजन्य आजार म्हणून होता, पण सैन्यदलातला माणूस त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेला. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, जे उशिराचं असेल तोवर जपा. तो निकाल कारखान्यांसाठी. सैनिकाला जावं लागतं अपंगत्व पेन्शनच्या नियमांकडे. तिथे 2013 च्या धरमवीर सिंग निकालाचा मोठा आधार आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे माणूस वैद्यकीय कारणाने घरी आला, तर ते दुखणं सेवेमुळेच आलं असं धरायचं. उलट सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर. ते छातीचं माप इथे कामाला येतं. अडचण एवढीच की आप्पांसारखे धडधाकट घरी आले. सेवेनंतर उद्भवलेल्या आजाराला नियमांत जागा आहे, पण मुदत मोजक्या वर्षांची. तीस-चाळीस वर्षं दबा धरून बसणाऱ्या रोगापुढे ती मुदत म्हणजे सरळ नकारच. कुणीतरी ही गोष्ट सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे नेटाने मांडायला हवी, आणि मांडताना हातात हेच बुक लागेल.

2005 च्या अखेरीस फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू युद्धनौका तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगला निघाली होती. तिच्या पोटातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून गदारोळ झाला आणि 2006 मध्ये फ्रान्सने ती परत बोलावली. काळजी होती ती जहाज तोडणाऱ्या मजुरांची, आणि रास्तच होती. आपली ‘विक्रांत’ 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तुटायला लागली. अशाच जहाजांच्या पोटात उमेदीची वर्षं काढलेली माणसं तेव्हा पारोळ्यात, शिरपुरात, साक्रीत आपल्या ओट्यावर खोकत बसली होती.

जहाज गेलं, आता कागदच उरला, आणि कागदालाही आयुष्य असतं. अमेरिकेत सेंट लुइसच्या रेकॉर्ड ऑफिसला लागलेल्या आगीत 12 जुलै 1973 ला अमेरिकन सैनिकांच्या 1 कोटी 60 लाखांहून जास्त फायली जळाल्या. आपल्या लष्करात तर आगीचीही गरज नाही: पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करायचा नियमच आहे, मागे राहते ती लाँग रोल नावाच्या यादीतली त्रोटक नोंद. गाडीच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचं ब्रेक लायनिंग घासणारा, पाच-सात वर्षांत परत आलेला जवान घ्या. त्याची छाती बोलू लागेल तेव्हा रेकॉर्ड ऑफिसात त्याच्याबद्दल बोलायला फारसं काही नसेल. अशा घरात ट्रंकेतलं बुक हाच मुख्य पुरावा.

नौदलाच्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. खानदेशातून तिकडे पत्र जातं ते बहुधा एकाच कारणाने: बुकात बायकोचं नाव माहेरचं किंवा चुकीच्या स्पेलिंगचं, आधारवर वेगळं, आणि पुढे तिची फॅमिली पेन्शन अडेल ही धास्ती. आप्पांच्या घरीही ‘कमलबाई’चं ‘कमला’ झालेलं आहे. त्या दुरुस्तीचा अर्ज आता लिहिला आहे. त्याच पाकिटात आम्ही दुसरा कागद घातला: कोणत्या जहाजावर, कोणत्या ट्रेडमध्ये, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, याचा सही-शिक्क्याचा पूर्ण उतारा मिळावा. तो आला की एक प्रत ट्रंकेत आणि एक छातीच्या डॉक्टरांच्या फायलीत, एक्स-रेच्या वर लावून.