मालागा : वर्ग सकाळी, शिकवणी बाजारात

दक्षिण स्पेनमधल्या मालागा या गजबजलेल्या बंदरात स्पॅनिश शिकायला देशोदेशींचे लोक येतात. आपल्या जिभेला ती जड जात नाही. 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दाती उमटतात. 'पगार' म्हणजे पैसे देणे, हे तर पाठही करावे लागत नाही! आपला पगार पोर्तुगीजमधून आला, आणि ती स्पॅनिशची सख्खी बहीण.

पंचाईत होते वर्गाबाहेर. शब्दाच्या शेवटचा 'स' मालागाकर सर्रास गिळून टाकतात. म्हणून खरी शिकवणी आतारासानासच्या मंडईत. मासळीच्या गाळ्यापुढे भाव विचारायचा आणि कान टवकारायचे. संध्याकाळी किनाऱ्यावर, वाळू भरलेल्या होडीत जाळ करून सळईला ओवलेल्या तारल्या भाजतात. वर नुसते जाडे मीठ. मसाल्याची आठवणसुद्धा येत नाही.

पिकासो १८८१ साली इथल्याच मेर्सेद चौकात जन्मला. तिथल्या बाकावर भेटलेल्या आजी मात्र घरभाड्याविषयीच बोलत होत्या. खोल्या पर्यटकांना दिल्या की मालकाला जास्त पैसे सुटतात, जुने भाडेकरू शहराबाहेर जातात. २०२४ मध्ये त्यासाठी हजारो लोक इथे रस्त्यावर उतरले होते. गिळलेल्या 'स'सकट मला सगळे समजले. मग आजींनी विचारले, "आणि तू कुठे उतरलीस, पोरी?"

अशाच एका खोलीत.