चोवीस मिनिटांची ऊब

दीड हजार वॉटचा हीटर 12 व्होल्टच्या, 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर किती वेळ चालेल? शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम पाळला, तर हाती येतात 600 वॉट-अवर. म्हणजे 24 मिनिटं. तीही कागदावर, कारण इन्व्हर्टर मधल्या मध्ये आपला वाटा घेतो आणि इतक्या जोरात उपसली की शिशाची बॅटरी आधीच मान टाकते. सिअ‍ॅटलला डिसेंबरातली रात्र साडेपंधरा तासांची असते.

धक्क्याला बांधलेल्या बोटीला हा हिशेब छळत नाही, तिला किनाऱ्याची वीज मिळते. पण आम्हा दोघांना नांगरावर राहायला आवडतं. बेनब्रिज बेटाच्या ईगल हार्बरमध्ये आमच्या तीस फुटी शिडाच्या बोटीने नांगर टाकला, की साठवली तेवढीच वीज आपली. सौर पॅनेल या दिवसांत नावालाच असतं. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर चढतो, आणि बहुतेक दिवस तोही ढगांआड. म्हणून वीज द्यायची ती दिव्यांना, वायरलेसला, नकाशाच्या पडद्याला, फोनला. ही कामं दुसऱ्या कशाने होत नाहीत. ऊब मात्र एका लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 किलोवॉट-अवर भरलेली असते, बॅटरीच्या त्या 600 वॉट-अवरच्या सोळा पटींहून जास्त. बॅटरी जाळून हात शेकणं मला उधळपट्टी वाटते.

आमच्या शेगडीला ना पंप, ना पंखा. डिझेल वरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने थेंबथेंब भांड्यात उतरतं. झडप उघडायची, बुडाशी रुपयाएवढं डिझेल जमू द्यायचं, पेटलेल्या कागदाचा बोळा आत सोडायचा आणि थांबायचं. आधी पिवळी, काजळी धरणारी ज्योत हेलकावते. भांडं तापलं की डिझेलची वाफ होऊ लागते, ज्योत मुळाशी निळी होते आणि धुराडं ओढ घेतं. या दहा मिनिटांत घाई केली तर दाराची काच काळी होते. एकदा लागली की मंद आचेवर दिवसाला चार-पाच लिटर. गरम हवा फेकणारे डिझेलचे पंख्याचे हीटर चटकन तापतात खरे, पण पेटताना त्यांचा ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, काही मिनिटं आठ-दहा अँपिअर ओढतो. बॅटरी उतरलेली असली तर ते पेटतच नाहीत. वीज गेलेल्या रात्रीच ऊबही जावी, हे मला मान्य नाही.

गारठा एकवेळ सोसतो, ओल सोसत नाही. मी मालवणची, ओल मला परकी नाही. पण ती पावसाची, चुलीच्या धगीवर कपडे धरले की निघणारी. इथली ओल आपल्याच श्वासाची. पहाटे खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर थेंब टपोरे होतात, शेजारच्याला मिळतात आणि रेघ ओढत खालच्या पुस्तकांवर उतरतात. त्याहून वाईट गादीखाली घडतं. अंगाची वाफ गादीतून झिरपत थंड फळीपर्यंत जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि महिन्याभरात कापडावर काळे ठिपके. गादीखाली काथ्याची जाड चटई अंथरली, हवेला वाट मिळाली, तेव्हा ते थांबलं. प्रोपेनची उघडी शेगडी तर मी केबिनमध्ये उबेसाठी कधीच लावणार नाही. एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाणी होतं, आणि धुराडं नसेल तर ते सगळं आपल्याच भिंतींवर बसतं.

‘थंडी लागता काय गो?’ आई फोनवर विचारते, आणि सगळं गच्च लावून घ्यायला सांगते. हवा आत येऊ द्यावी लागते, हे तिला पटत नाही. त्यासाठी डेकवर हवेच्या पेट्या असतात, त्यांना 1930 साली पाण्यात उतरलेल्या ‘डोराड’ या शर्यतीच्या बोटीचं नाव मिळालं. लाटेचं पाणी पेटीच्या तळाच्या भोकांतून डेकवर परत जातं, हवा तेवढी आत येते. इतकी साधी, इतकी शहाणी वस्तू बोटीवर दुसरी नाही.

बाकी सांभाळतो समुद्र. इथलं पाणी हिवाळाभर 8 अंशांच्या आसपास राहतं. वर बर्फ पडलं तरी बोटीच्या तळाशी, जिथे बॅटऱ्या आहेत, तिथे पारा गोठणबिंदूला जात नाही. लिथियमच्या बॅटरीवाल्यांना तर हे वरदानच, कारण शून्याखाली ती चार्ज केली तर आतून खराब होते.

वीज गेली तरी बोट अडू नये, हे मी एका जुन्या प्रवासातून शिकले. मुंबईत सागवानात बांधलेल्या 32 फुटी ‘सुहेली’वर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये 312 दिवस एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. दक्षिण महासागरात बॅटऱ्या तपासताना बोट हिंदकळली आणि आम्ल त्यांच्या डोळ्यात उडालं. पुढे ट्रान्समीटर बंद पडला आणि न्यूझीलंड सोडल्यावर चारहून अधिक महिने जगाला त्यांचा पत्ता नव्हता. तरी शिडं, सुकाणू आणि जेवण यांपैकी काहीच विजेवर अवलंबून नव्हतं. त्या रचनेबद्दल मला अपार आदर आहे.

आमच्याकडे मात्र एका यंत्राची वीज कधीच कापली जात नाही: कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणाऱ्या. शेगडी पेटते तिथे ते जागंच हवं. बाकी सगळं सकाळच्या मीटरवर ठरतं. 12.4 व्होल्ट दिसले तर दिवसभर काही करायचं नाही. 12.2 दिसले, म्हणजे बॅटरी निम्म्यावर आली, तर तासभर इंजिन लावायचं. त्याच तासात इंजिनाच्या उष्णतेवर टाकीतलं पाणी तापतं, म्हणून आंघोळीही त्याच दिवशी.