वजा करत बांधलेली गाडी

हॉट रॉड बांधायला घेणाऱ्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो इंजिनाचा. कुठलं बसवायचं, किती एचपीचं, भंगारात कितीला पडेल. माझं म्हणणं असं की खिशात पैसे बेताचे असतील तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, आणि ज्यांनी तो शेवटी विचारला त्यांच्याच गाड्या बहुधा शेडच्या बाहेर पडल्या. हॉट रॉड म्हणजे मुळात एखादी जुनी, साधी, घराघरात असलेली गाडी घ्यायची आणि कारखान्याने तिला दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेग तिच्याकडून काढायचा. यात 'घरी बांधलेली' आणि 'कमी पैशात' हे दोन शब्द वरून चिकटवलेले नाहीत. ते काढले तर उरते ती महागडी स्पोर्ट्स कार, आणि ती विकत मिळते. टंचाईनेच या कामाला त्याची पद्धत शिकवली. आधी काढा, मग थांबण्याची सोय करा, मग वळण्याची, आणि पळण्याचं त्यानंतर बघू.

ही पद्धत जन्मली ती दक्षिण कॅलिफोर्नियात, १९३०च्या दशकात. मंदीचे दिवस होते, पण फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर निघाल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक भंगारवाल्यांच्या आवारात पडून होत्या. पाठोपाठ मॉडेल ए आली. १९३२ साली फोर्डने ६५ एचपीचं व्ही-एट इंजिन सर्वसामान्यांच्या गाडीत दिलं आणि काही वर्षांत तेही जुन्या बाजारात उतरलं. मोहावी वाळवंटातलं म्युरॉकचं कोरडं तळं म्हणजे मैलोन्‌मैल सपाट, कडक जमीन. तिथे पोरं गाड्या पळवायला जायची. १९३७ साली 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन झाली आणि या पळवापळवीला घड्याळ आणि शिस्त लागली. त्यातले बरेच जण ज्या गाडीने कामावर जायचे तीच घेऊन तळ्यावर पोचत. तिथे उतरून मडगार्ड सोडवायचे, दिवे काढायचे, काच काढायची, बंपर, फूटबोर्ड, टप सगळं बाजूला रचायचं, आणि पळवून झालं की परत जोडून घरी. एका पान्यात सगळा खर्च.

या पान्याची किंमत कागदावर मांडून बघा. ६५ एचपीची गाडी साधारण टनभर वजनाची आहे असं धरू. तिच्यावरून दीडशे किलो उतरवलं तर तीच ताकद आता साडेआठशे किलोला ओढते. मूळ वजनाच्या गाडीत तेवढाच जोम आणायचा म्हटलं तर ७६ एचपीचं इंजिन लागलं असतं. म्हणजे अकरा-एक एचपी फुकट. बरं, इंजिनात वाढवलेले एचपी फक्त पळताना उपयोगी पडतात. उतरवलेलं वजन पळताना, थांबताना, वळताना आणि टायर झिजताना, चारही वेळा उपयोगी पडतं. शिवाय मडगार्ड गेले की गाडी वाऱ्याला कमी अडते. वेग दुप्पट झाला की वारा कापायला लागणारी ताकद आठपट होते, त्यामुळे शंभर मैलांच्या आसपास हा फरक वजनाच्याही वर जातो. चासीच्या वर बसलेली बॉडी तळ कापून खाली उतरवायची, म्हणजे ती चासीच्या दोन्ही बाजूंनी लोंबते, किंवा टपाचे खांब कापून टप बुटका करायचा, हे प्रकार आज शोभेचे वाटतात. मूळ हिशेब वाऱ्याचा होता, आणि त्याला लागत होती ती कापायची हत्यारं, वेल्डिंग आणि रविवार.

आता पैसे खर्च करायची पहिली जागा. फोर्डने १९३८ पर्यंत ब्रेक सळ्या आणि केबलवर चालवले. तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक त्यांच्याकडे १९३९ साली आले. जाणत्यांनी लगेच हेरलं की हे नवे ब्रेक थोड्या खटपटीने जुन्या फोर्डच्या ॲक्सलवर बसतात. मग अपघातात चेपलेल्या नव्या गाडीचे ब्रेक काढून १९३२च्या गाडीला लावणं हे हॉट रॉडवाल्यांचं जवळजवळ नित्यकर्म झालं. यात जी अक्कल आहे ती आकड्यातून कळते. ताशी ६० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकना जेवढी ऊर्जा गिळावी लागते, त्याच्या पावणेतीनपटीहून जास्त ती १०० वरून थांबताना गिळावी लागते. गाडीचा वेग वाढवणारा प्रत्येक जण कळत-नकळत ब्रेकवर हे ओझं टाकत असतो. इंजिन आधी घेणाऱ्याची गोची इथेच होते. ते घेऊन पैसे संपतात, मग ब्रेक 'चालतंय तोवर चालू द्या' या खात्यात जातात. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक फाटतं. इथे नाक म्हणजे किंगपिन, टायरॉड, पाटे आणि ब्रेकचे शू.

इंजिनाला माझा विरोध नाही, ते सगळ्यांना आवडतं, मलाही. पण तिथेही कमी पैशाने जे शिकवलं ते अधिक पक्कं. फोर्डच्या त्या व्ही-एटचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हते, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये होते. म्हणून त्याला 'फ्लॅटहेड' म्हणत. हेड मशीनवर घासून कॉम्प्रेशन वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. मात्र हेड खाली आलं की व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाट अरुंद होते, इंजिनाला श्वास पुरत नाही, आणि एका मर्यादेपुढे घासलेला प्रत्येक धागा तोट्यात जातो. त्यात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच बाहेर काढलेली, मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच भोक. सगळी धग पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरते. ताकद वाढवली की रेडिएटर उकळलाच म्हणून समजा. मग मोठा रेडिएटर, चांगले पंप, वेगळा पंखा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पैसेवाला हा मसाला घेत सुटतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो विचारतो की बाजारात याच घराण्यातला दुसरा कुठला भाग पडून आहे. तशी उत्तरं मिळालीही. स्ट्रॉमबर्ग ९७ हा कार्बोरेटर फोर्डने स्वतःच काही वर्षं वापरला होता, त्यामुळे भंगारात तो सहज मिळे, म्हणून दोन-दोन, तीन-तीन बसवले गेले. १९४९ पासूनच्या मर्क्युरीचा जास्त स्ट्रोकचा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसत असे. लिंकन झेफरचे गिअर फोर्डच्या गिअरबॉक्समध्ये जात. एका कंपनीच्या तीन भावंडांची हाडं एकमेकांना लागतात हे कुठल्या माहितीपुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते कळलं ते हातात काही नसलेल्या लोकांना, मापं घेऊन घेऊन.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. ही सगळी गरिबीची आरती झाली, म्हणाल. कॅलिफोर्नियातल्या त्या पोरांना काही नव्हतं असं कसं म्हणता? लॉकहीड, डग्लस, नॉर्थ्रॉपचे विमान कारखाने आजूबाजूला, लेथ चालवणारे शेजारी, युद्धानंतर सैन्याचा माल कवडीमोलाने विक्रीला. बिल बर्कने १९४६ साली लढाऊ विमानाच्या पंखाखाली लावायची इंधनाची जादा टाकी घेतली, त्यात इंजिन आणि स्वतःला कोंबलं, आणि तळ्यावरच्या गाड्यांचा एक नवा प्रकारच सुरू झाला. वाऱ्याला कापणारा तो थेंबासारखा आकार काढायला विमानवाल्यांनी डोकं आणि पैसा ओतला होता, याला तो जवळपास आयता मिळाला. हे खरं आहे, आणि माझा मुद्दा मला त्यामुळे थोडा दुरुस्त करावा लागतो. स्वस्तातली गाडी बांधायला बांधणारा श्रीमंत असावा लागत नाही, पण त्याचा परिसर श्रीमंत असावा लागतो. भंगार, मशीन, फावल्या वेळात बोअर करून देणारा ओळखीचा माणूस. यातलं काही नसेल तर उरतो वेळ. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिल गावचा बर्ट मन्रो गाडीवाला नव्हे, मोटारसायकलवाला. त्याच्याकडे १९२० सालची इंडियन स्काउट होती. पिस्टन तो घरीच ओतायचा. अशी दशकंच्या दशकं घालवून १९६७ साली बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने एक हजार सीसीखालच्या वर्गात ताशी २९५ किलोमीटरच्या वरचा विक्रम नोंदवला. पैशाची भरपाई आयुष्याने केली. हा सौदा सगळ्यांना परवडेल असं मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो, आणि तो मला पटत नाही. म्हणे आज १९३२च्या फोर्डचा नुसता सांगाडा घ्यायलाच पोतंभर पैसे लागतात, तेव्हा कमी खर्चात हॉट रॉड ही जुनी गोष्ट झाली. ही चूक वस्तूलाच परंपरा समजल्याची आहे. त्या पोरांनी १९३२ची फोर्ड ती सुंदर म्हणून निवडली नव्हती. ती ढिगाने होती, हलकी होती आणि तिचे भाग मिळत होते. पुरावा हवा तर १९५५ नंतर काय झालं ते बघा. शेव्हरोलेने त्या वर्षी व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेलं, आटोपशीर, स्वस्त व्ही-एट काढलं. ते भंगारात दिसू लागताच ज्यांनी फ्लॅटहेडवर इतकी वर्षं घालवली होती त्यांनीच ते टाकून हे उचललं. भावनेचा प्रश्न कुणाला पडला नाही. आज जो मूळ फोर्डच्या पत्र्यासाठी कर्ज काढतो तो त्यांचा वारस नाही, त्यांच्या गाड्यांचा संग्राहक आहे. संग्रह करणं वाईट नाही. ते काम वेगळं. वारस व्हायचं असेल तर आपल्या गल्लीत आज ढिगाने काय पडलंय ते बघावं लागेल.

आपल्याकडे बघायला गेलं तर आधी कायदा आडवा येतो, आणि तो येतो ते योग्यच आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीच्या बनावटीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. तेव्हा घरच्या हॉट रॉडला आपल्या रस्त्यावर जागा नाही. पण हात गप्प बसत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातून छोटी जीप बांधली, खर्च साठ हजारांच्या घरात, आणि ती सुरू करायला दुचाकीसारखी किक. तिची चित्रफीत २०२१च्या डिसेंबरात देशभर फिरली आणि पुढच्याच महिन्यात महिंद्रांनी ती घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. कौतुक बहुतेकांनी जुगाडाचं केलं. मला त्या किकमधला विचार जास्त भावतो. स्टार्टर मोटर नको, मोठी बॅटरी नको, म्हणजे तेवढं वजन आणि तेवढे पैसे वजा. म्युरॉकच्या तळ्यावर मडगार्ड सोडवणाऱ्याला हे लगेच कळलं असतं.

नियमात बसून हे काम करायची जागा म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून भरणारी 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धा. पुण्यासह महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांचे संघ तिच्यासाठी वर्षभर पाईप वाकवत आणि वेल्डिंग करत असतात. तिथे अनेक वर्षं सगळ्यांना एकसारखं, १० एचपीचं इंजिन होतं आणि त्याला हात लावायची बंदी. म्हणजे पहिलाच प्रश्न काढून टाकलेला. राहतं ते वजन, सस्पेन्शन, गिअरिंग आणि ब्रेक. शर्यतीत उतरण्याआधी प्रत्येक गाडीला एक चाचणी द्यावी लागते. चालत्या गाडीत ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जागच्या जागी जाम झाली पाहिजेत. एक जरी फिरत राहिलं, तर ती गाडी शर्यतीत उतरत नाही.