कुहीचा रामराम

परगावी गेल्यावर तेथील देवळे, घाट व बाजार पाहावे ही आपल्याकडील रीत. परंतु माणसे एकमेकांस भेटताना प्रथम काय बोलतात आणि निरोप देताना काय, हे कान देऊन ऐकले, तर गावाची ओळख पुष्कळदा देवळापेक्षा लवकर पटते. नागपूर जिल्ह्यातील कुही हे तालुक्याचे गाव ह्या दृष्टीने मोठे मौजेचे आहे. पूर्वी येथे नागपूर-नागभीड ही छोटी गाडी येत असे. रूळ रुंद करण्याकरिता ती 2019 साली बंद झाली. मी गेलो तो एस. टी.ने.

उतरताच कानांवर पडतो तो 'जी'. 'हो जी', 'नाही जी', 'काय जी, कुठून येऊन राहिले?' पुण्यामुंबईच्या मनुष्यास 'येऊन राहिले' म्हणजे कोणी मुक्कामासच राहिले असे वाटावयाचे. येथे त्याचा अर्थ 'येत आहा' एवढाच. आदर दाखविण्यास आपण 'राव', 'साहेब' अशी उपपदे शोधीत बसतो. कुहीकर वाक्याच्या शेवटी एक 'जी' ठेवतो आणि मोकळा होतो. बरोबरीच्या पुरुषास 'गा', बाईस 'वं'. म्हातारा असेल तर 'आबाजी', बापाच्या वयाचा परका असेल तर 'काकाजी'. नाव विचारण्याच्या आधी नाते जोडून झालेले असते.

'जेवण झालं का जी?' हा येथील दुसरा नमस्कारच म्हणावयाचा. उत्तर ठरलेले: 'झालं जी, तुमचं?' कुही-मांढळ भागात मिरचीच्या हंगामात सातरे लागतात. लाल मिरचीचे देठ खुडावयास तेथे बायांचे जथे बसतात. ह्या ठसक्यातही शेजारणीस हा प्रश्न विचारल्यावाचून हात चालू होत नाही. पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा देश आहे, 1975 पर्यंत त्यास डाहोमे म्हणत. तेथील फोन भाषा बोलणारे लोक सकाळी भेटले म्हणजे 'आ फोन गांजी आ?', म्हणजे 'नीट उठलात ना?', असे पुसतात. (भाषेच्या ह्या नावाचा दूरध्वनीशी काही संबंध नाही!) आपण 'सुप्रभात' म्हणतो तेव्हा उत्तराची वाट पाहत नाही, कुहीत काय किंवा त्या दूरच्या मुलखात काय, प्रश्न केला जातो, म्हणून समोरच्यास तोंड उघडावे लागते.

निरोपाचा शब्द तर मला सर्वांत अधिक आवडला. 'येजा बरं!' लहानास 'येजो'. ही आज्ञा खरी, पण आताची नव्हे, पुढची. 'या' म्हटले म्हणजे लगेच यावयाचे. 'येजा' म्हटले म्हणजे सवडीने, परंतु अवश्य. गुजराती शेजारी निरोप देताना 'आवजो' म्हणतात, ते ह्याच घडणीचे रूप. पुस्तकी मराठीत ही सोय राहिलेली नाही, आणि तरी आपण अशा बोलण्यास गावंढळ म्हणतो!

मी ज्यांच्या घरी उतरलो होतो ते निवृत्त शिक्षक सकाळी मला घेऊन फिरावयास निघाले. पाव कोसात त्यांच्या तोंडून चार निरनिराळी अभिवादने ऐकली. शेतकऱ्यास 'रामराम', एका महानुभाव गृहस्थांस 'दंडवत प्रणाम', गोंड बाईस 'जय सेवा' आणि पुढे भेटलेल्या तरुणास 'जय भीम'. मी आश्चर्याने विचारता ते म्हणाले, ''समोरचा जे म्हणते तेच परत करावं जी. आपलं त्याच्यावर कायले लादावं?''

ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. महार समाजाने गावातील वरिष्ठांस वाकून 'जोहार' घालावा ही जुनी रूढी होती; जोहाराच्या अभंगांवरून आपणांस ती ठाऊक आहे. त्या जोहारास उलट जोहार मिळत नसे. कुहीपासून फार दूर नसलेल्या कामठीचे बाबू हरदास (1904-1939) यांनी 1930 नंतरच्या दशकात 'जय भीम' रूढ करण्याची खटपट केली, आणि 1956 च्या ऑक्टोबरात नागपुरास धम्मदीक्षा झाल्यावर तो शब्द घरोघर गेला. 'जय भीम'चे उत्तर 'जय भीम'च. त्यात वरचा-खालचा नाही. मौज ही की, एका समाजाने टाकलेला तोच जोहार आदिवासी बांधव आजही अभिमानाने करतात, कारण त्यांच्यात तो बरोबरीचा आहे.

आपल्या घरात मुलांस आपण जो 'नमस्कार' शिकवितो, तोही एके काळी सर्वांस मोकळा नव्हता. 1779 साली पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने सोनार ज्ञातीस 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची मनाई केली. एका शब्दासाठी दोन राज्यांच्या कचेऱ्या कामास लागल्या! आज कोणी तो हक्क सांगत नाही, हे खरे. परंतु आधी कोणी हात जोडावे व कोणी नुसती मान हलवावी, ह्याचा हिशेब कित्येक सुशिक्षित घरांतही मनातल्या मनात चालतोच.

कुहीतही तो चालतो. परत येण्याच्या दिवशी गुरुजींचे काही काम होते म्हणून आम्ही एका कचेरीत गेलो. सत्तरीच्या घरातला एक शेतमजूर दारात उभा होता. त्याने आतल्या पंचविशीच्या कारकुनास हात जोडून ''जय भीम साहेब'' म्हटले, दोनदा म्हटले. कारकुनाने कागदावरून डोळे काढले नाहीत. गुरुजी बाकावर सरकले, शेजारची जागा हाताने झाडली आणि म्हणाले, ''जय भीम, आबाजी. बसा न जी. जेवण झालं का?''

''झालं जी,'' म्हातारा बसत म्हणाला, ''तुमचं?''