निकाल न देणारी खुर्ची

१६ जून २०२५, सोमवार
मध्यस्थ प्रशिक्षण सुरू. पाच दिवस, चाळीस तास. सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समिती २००५ साली झाली, हा अभ्यासक्रम तिचा. खोलीत आम्ही सगळे उलटतपासणीवर जगलेले लोक.

पहिला पाठ साधा. शेजारच्यानं पाच मिनिटं बोलायचं, आपण ऐकायचं. प्रश्न नाही. मग त्याचं म्हणणं त्यालाच सांगायचं आणि विचारायचं, बरोबर समजलं का? माझ्यासमोर कराडचे एक फौजदारी वकील. मला त्यांच्या दर वाक्यात विसंगती दिसत होती. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "विसंगती सोडा. माणूस कुठल्या शब्दावर अडखळला ते धरा."

अधोरेखित करून ठेवलं.

१७ जून
खिडकीची गोष्ट. वाचनालयात दोघं. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली, दुसऱ्याच्या अंगावर वारा आला नाही. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये सांगितलेली. शंभर वर्षं झाली.

मागणी वेगळी, गरज वेगळी. एवढ्यातच दिवस गेला. जायलाच हवा होता.

१८ जून
लुटुपुटीची मध्यस्थी. मी चुलतभाऊ झाले. सामाईक विहीर, निम्मा हिस्सा, पाण्याच्या पाळीवरून दावा. माझ्या चिठ्ठीवर एक ओळ जास्तीची, ती फक्त मलाच माहीत: वीज रात्रीची, शिवारात बिबट्या, आणि रात्रीची पाळी कायम माझ्याच वाट्याला.

पाऊण तास मी हिश्श्यावर भांडले. मध्यस्थ झालेल्या सहकाऱ्यानं कायदा सांगितला, सातबाऱ्यावरची इतर हक्कांतली नोंद दाखवली, भरपाईचा आकडा सुचवला. बिबट्या माझ्या तोंडून निघालाच नाही. "पाळी असते तेव्हा तुमची रात्र कशी जाते?" एवढं कुणी विचारलं नाही.

चिठ्ठी वहीत डकवली.

१९ जून
कायद्याचा दिवस. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९. दुरुस्ती १९९९ ची, अंमल १ जुलै २००२ पासून. अॅफकॉन्सचा निकाल, २०१०: कोणती प्रकरणं मध्यस्थीला पाठवायची, कोणती नाही. कलमात 'मध्यस्थी' आणि 'न्यायिक तडजोड' यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती, तीही त्याच निकालानं दाखवून दिली. तोवर आठ वर्षं गेली होती.

मोती राम विरुद्ध अशोक कुमार. तोही २०१० चा. मध्यस्थानं न्यायालयाला एवढंच कळवायचं: जमलं, किंवा नाही. जमलं तर करारनामा जोडायचा. आत कोण काय बोललं, कुणी किती देऊ केलं, यातलं काहीही नाही.

म्हणजे या वहीतही नाही. दाव्याच्या कागदांत जे आहे आणि व्हरांड्यात सगळ्यांना दिसतं, तेवढंच लिहीन.

२३ जून
बार रूम. सीनियर म्हणाले, "मध्यस्थी म्हणजे वकिलाच्या पोटावर पाय."

मी वाटपाच्या दाव्याचं सांगितलं. हुकूमनामा झाला म्हणजे वाटप झालं नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख, मोजणी, हरकती. अपिलं वेगळी. आजोबांनी लावलेल्या दाव्यात नातू वारस म्हणून लागतो. असा पक्षकार फी कुठून देणार? आणि का द्यावी?

गांधींचं दादा अब्दुल्ला प्रकरणही सांगितलं. लवादाचा निर्णय आपल्या बाजूनं लागला तरी ते थांबले नाहीत. सुमारे ३७,००० पौंड एकरकमी द्यायचे तर समोरचे तय्यब शेठ बुडाले असते. लांबचे हप्ते आपल्याच पक्षकाराच्या गळी उतरवले. समोरचा माणूस निकालानंतरही उभा राहिला पाहिजे ही काळजी वकिलाची, असं मला मनापासून वाटतं.

सीनियरना पटलं नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

२७ जून
पालखी जिल्ह्यात. पक्षकार कमी, तारखा जास्त.

१ जुलै
'मध्यस्थी राष्ट्रासाठी' मोहीम आजपासून, ३० सप्टेंबरपर्यंत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि मध्यस्थी समिती मिळून. वैवाहिक, अपघात, चेक, भाडं, वाटप, ग्राहक, तडजोडयोग्य फौजदारी. कोर्टांनी या महिन्यात प्रकरणं निवडून पाठवायची.

उद्घाटनाच्या भाषणात माहुलीचे रामशास्त्री आले. साताऱ्यात ते येणारच, यावेतच. पण रामशास्त्रींचं मोठेपण निकाल देण्यात होतं. आमच्या खुर्चीला निकाल देता येत नाही. सुचवायचं सुद्धा जपून. या खुर्चीवर बसणाऱ्याचं मोठेपण कशात, ते कुणी बोललं नाही.

६ जुलै, आषाढी
अॅफकॉन्स पुन्हा वाचला. उपवासाची भगर करपली.

१० जुलै
पहिलं प्रकरण. चेकचं, कलम १३८. आत गेले तेव्हा दोघांच्या खुर्च्या भिंतीला टेकलेल्या. टेबल गोल हवं, आमचं लांबट आहे. टेबलाचा कोपरा मध्ये ठेवून दोघांना त्याच्या दोन बाजूंना बसवलं.

पुढची बैठक सोमवारी.

१४ जुलै
जमलं.

१७ जुलै
बांधाचा मनाई हुकमाचा दावा आला. सख्खे शेजारी. बांध दीड फूट सरकला म्हणून २०१४ पासून तारखा. दोघंही एकाच एसटीनं येतात.

२६ जुलै, शनिवार
गावात जागृतीचा कार्यक्रम. समाजमंदिर, बायका मागच्या बाजूला जमिनीवर. वेशीवर तंटामुक्त गावाचा फलक. ती मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, गावांना बक्षिसं मिळाली, या गावालाही. समितीचे जुने अध्यक्ष आजही ताठ. म्हणाले, "वकील मॅडम, तुमी आता शिकायला लागला. आमी हेच करत आलोय."

मी नेहमीचं बोलले. वेळ वाचतो, खर्च वाचतो, नाती टिकतात. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, कलम ९६, पोटकलम ३. तंटा तिथंच संपतो. टाळ्या.

मागून एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. "वकीलबाई, मिटवायचं म्हंजे कुणी सोडायचं?"

मी म्हटलं, दोघांनी थोडं थोडं.

"आमच्यात तर बहिणीनंच सोडायचं असतं. पंच असू द्या, न्हाईतर आनि कुनी. तुमच्यात येगळं काय?"

पुरुषांत हसणं झालं. अध्यक्ष म्हणाले, बसा मावशी. त्या बसल्या नाहीत. उत्तराची वाट बघत उभ्या. मी उत्तर दिलं: मध्यस्थीत 'नाही' म्हणता येतं, उठून जाता येतं, दावा होता तसा चालू राहतो. त्या म्हणाल्या, "आनि उठून जायचं कुठं? म्हायेरातच ना?"

२७ जुलै
झोप लागली नाही. मावशी कायद्याबद्दल विचारत नव्हत्या. महाराष्ट्रानं मुलींना १९९४ ला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना नाही. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. विनीता शर्मा निकाल ११ ऑगस्ट २०२०: हक्क जन्मानं, वडील त्या दिवशी हयात असोत नसोत. सगळं पाठ आहे. आणि तरी हक्कसोड पत्रं होतातच. गोडीनं होतात. तंटा नसतोच, कारण एका बाजूनं तोंड उघडलेलंच नसतं.

गोडीनं मिटलं, एवढ्यावर मी आजवर खूश होत आले.

आईला फोन केला. तू हक्कसोड कधी दिलंस? "९६ ला. मामानं गाडी केली होती. सबरजिस्ट्रारकडं सही, येताना साडी घेतली." तुला कुणी विचारलं होतं का? "काय विचारायचं?" मग म्हणाली, "तुझ्या लग्नात मामा उभा राह्यला ना."

४ ऑगस्ट
वाटपाचा दावा माझ्याकडे. वादी बहीण, प्रतिवादी तीन भाऊ. जिरायत आणि थोडं बागायत, गावठाणात घर. कैफियतीत म्हटलंय: लग्नाच्या खर्चात हिस्सा देऊन झाला. ही कैफियत मी स्वतः किती भावांसाठी लिहून दिली असेल.

७ ऑगस्ट
पहिली बैठक. व्हरांड्यात भाऊ बाकावर, ती जिन्याच्या पायरीवर, मुलीबरोबर.

९ ऑगस्ट, रक्षाबंधन
कोर्टाला सुट्टी. दिवसभर तेच डोक्यात. आज ती गेली असेल का? विचारायचं नाही.

१२ ऑगस्ट
बांधाचं प्रकरण. सरकारी मोजणी पुन्हा करून घेऊ म्हणून दोघांच्या वकिलांचा अर्ज. बघू.

१८ ऑगस्ट
कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आजपासून सुरू. सहा जिल्हे, त्यात आपला. बार रूममध्ये पेढे. मुंबईच्या फेऱ्या वाचणार, हा खरा आनंद. सीनियर म्हणाले, "आता अपील जवळ आलं." मलाही तेच वाटत होतं, पण उलट्या बाजूनं: आता समेटाला 'अपील परवडत नाही' हे कारण पुरणार नाही. बरंच आहे. नाइलाजानं केलेली तडजोड मला नकोच आहे.

२१ ऑगस्ट
वाटपाचं प्रकरण. प्रत्येकाशी स्वतंत्र भेट. उत्तरं इथं नाहीत. प्रश्न माझा आहे, तो लिहिते. तिला विचारलं: सही केली नाही तर तुमचं काय बिघडेल? सही केली तर काय बिघडेल? मग दहा मिनिटं काही बोलले नाही. तिन्ही भावांना वेगवेगळं हेच विचारलं.

चार माणसांना एकच प्रश्न. संध्याकाळी डोकं दुखत होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार
दुसऱ्या गावात कार्यक्रम. या वेळी सुरुवात 'नाही' पासून केली. मध्यस्थी सोडून उठण्याचा हक्क आधी सांगितला. वेगळं भेटता येतं, भावासमोर बोलावं लागत नाही. आपला वकील सोबत ठेवता येतो, फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज. बाईला उत्पन्नाची अट नाही. कागद घरी नेऊन वाचता येतो. मग फायदे सांगितले.

टाळ्या कमी. प्रश्न जास्त, आणि मागच्या बाजूनं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
एक ओळही नको.

१ सप्टेंबर
गौरीपूजन. सगळ्या माहेरवाशिणी रस्त्यावर. रिक्षा मिळाली नाही.

८ सप्टेंबर
बांधाचं प्रकरण निष्फळ. अहवालात एकच शब्द. मोजणी झाली, नकाशा आला, तरी नाही. त्यांना निकालच हवा आहे, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. नावापुढे 'निष्फळ' लिहिताना आज हात जड झाला नाही.

११ सप्टेंबर
वाटपाच्या प्रकरणात मसुदा तयार. कुणीतरी सुचवलं, शनिवारच्या लोकअदालतीत ठेवा, निकाली निघेल, आकडाही वाढेल. तिला कागद आठ दिवस घरी न्यायचा आहे. मी नाही म्हटलं.

१३ सप्टेंबर
राष्ट्रीय लोकअदालत. मांडव, रांगा, पंखे. अपघाताचे दावे, बँकांची थकबाकी, इथं हे काम उत्तम चालतं. एका आजोबांना नातवाच्या अपघाताची रक्कम ठरली, त्यांनी पॅनेलवरच्या सगळ्यांना हात जोडले. पण चार भावंडांचं वाटप अशा गर्दीत करायचं नसतं. ११ तारखेला केलं ते बरं केलं.

१९ सप्टेंबर
तिच्या वकिलांचा फोन. वाचून झालं, कलम ४ बदलायचं आहे. भावांना कळवलं. धाकट्यानं विचारलं, बदल न केला तर? मी सांगितलं, तर सही होणार नाही.

२६ सप्टेंबर
बैठक. साडेतीन तास. भाऊ आणि बहीण, चौघंही चहा प्यायला बाहेर गेले. एकत्र नाही, पण एकाच टपरीवर.

३० सप्टेंबर
मोहीम संपली. तक्ता भरून दिला. किती आली, किती जमली, किती नाही. 'पक्षकारानं विचार करायला वेळ घेतला' असा रकाना तक्त्यात नाही. शेऱ्यात लिहिलं.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्याची बरीच कलमं अजून लागू व्हायची आहेत. त्यात सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण आहे, गावपातळीचं. ते लागू होईल तेव्हा गावोगाव पॅनेल बसतील. त्या पॅनेलवर मागच्या रांगेतल्या मावशी हव्यात. हे प्राधिकरणाला लेखी देणार आहे. मसुदा आजच सुरू केला.

८ ऑक्टोबर, बुधवार
वाटपाचा करारनामा कोर्टात दाखल, आदेश २३ नियम ३ खाली. चौघांना न्यायाधीशांनी वेगवेगळं विचारलं, वाचलंत का, समजलं का, कुणी दबाव आणला का. तिला दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.

कागद आता न्यायालयाच्या दप्तरात आहे, तेव्हा कलम ४ लिहायला हरकत नाही. मोजणीची सगळी फी भाऊ भरतील, असं मसुद्यात होतं. तिनं ते काढायला लावलं. फीचा चौथा हिस्सा ती स्वतः भरणार, पावती तिच्या नावावर.

भूमी अभिलेखमध्ये अर्ज सोमवारी. थोरला भाऊ म्हणाला, सकाळी अकराला या. ती म्हणाली, साडेदहाला.