पोटरीवरचा आकडा

आमच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाने स्वतःचा सत्तावन्नावा वाढदिवस पाहिलेला नाही. आजोबा छप्पन्न वर्षांचे असताना गेले, वडीलही छप्पन्न वर्षांचे असतानाच गेले. दोघेही सकाळचा चहा पिऊन वर्तमानपत्र वाचत बसले होते. म्हणून माझा छप्पन्नावा वाढदिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हिने वर्तमानपत्र बंद केले. चहाही बंद करायचा विचार निघाला होता. पण तो तिलाही लागतो.

वर्तमानपत्र नाही म्हटल्यावर सकाळी करायचे काय? मी पनवेलच्या वडाळे तळ्याभोवती फेऱ्या मारू लागलो. तिथे एक निवृत्त बँकवाले भेटतात. दुसऱ्याला साहसात ढकलून स्वतः बाकावर बसून राहणे हा त्यांचा आवडता व्यायाम. एके दिवशी म्हणाले, "नुसते चालताय काय? ट्रायथलॉन करा! तो मिलिंद सोमण बघा. २०१५ साली झुरिकला जाऊन आयर्नमॅन झाला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर!"

"अहो, त्या उंबरठ्यावर तो कसा दिसत होता आणि मी कसा दिसत होतो?"

"म्हणून तर छोटी करा म्हणतो!"

आता ही 'छोटी' म्हणजे काय, ते ऐका. आयर्नमॅनमध्ये माणूस ३.८ किलोमीटर पोहतो, मग १८० किलोमीटर सायकल मारतो आणि वर ४२.२ किलोमीटर पळतो. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा तिथली अंतरे होती दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर. त्याच्या निम्मी ती छोटी. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणे. अंतर निम्मे केले की धापही निम्मी लागते, असे मात्र कुठे लिहिलेले नाही.

अडचण एकच होती. मला पोहता येत नव्हते. लहानपणी काकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले होते. दोर सुटला, डबा तरंगला आणि आम्हा दोघांची ताटातूट झाली. तेव्हापासून बादलीपेक्षा खोल पाण्याशी मी संबंध ठेवला नव्हता. तरणतलावावर मास्तरांनी मला सहा-सात वर्षांच्या पोरांच्या तुकडीत टाकले. तिथली पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी, ती माझी खरी गुरू. "आजोबा, तोंड पाण्यात घाला. पाणी चावत नाही!" असे ती रोज बजावायची. दोन महिन्यांत ती बटरफ्लाय मारू लागली आणि मी काठ सोडू लागलो.

सायकलचे भय नव्हते. भल्या पहाटे पळस्पे फाटा, शिरढोण करीत कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. गोवा हायवेवर मागून ट्रकचा भोंगा वाजला की मला हटकून त्यांची आठवण व्हायची. एवढ्या अवाढव्य सत्तेपुढे एकटा माणूस! कर्नाळ्याचा सुळका दुरून उभ्या अंगठ्यासारखा दिसतो. जाताना वाटायचे, तो शाबासकी देतोय. परतताना मागे वळून पाहिले की तोच ठेंगा वाटायचा.

हिला यातले काहीच पसंत नव्हते. "एवढी हौस आहे तर पुढच्या वर्षी करा," ती म्हणाली. पुढच्याच वर्षी का, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. "मी काही बघायला यायची नाही," हे मात्र तिने तीनदा सांगितले.

स्पर्धेच्या दिवशी एका पोराने जाड पेनाने माझ्या दंडावर नंबर लिहिला. मग खाली वाकून म्हणाला, "काका, वय?" आणि पोटरीवर ठसठशीत ५६ काढले.

"हे कशाला रे?"

"पुढचा आपल्या वयोगटातला आहे का, ते मागच्याला कळावं म्हणून."

आठ महिने आमच्या घरात हा आकडा कुणी उच्चारला नव्हता. आता तो माझ्या पायावर होता आणि सगळ्या जगाला वाचता येत होता.

पंचवीस मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस खेपा. सतराव्या खेपेला मी दोरी धरून थांबलो. दोरी धरून दम खायला नियमाची हरकत नसते, ती ओढत पुढे सरकायचे नाही एवढेच. 'पाणी चावत नाही' हा गुरुमंत्र म्हटला आणि उरलेल्या तेरा खेपा उरकल्या. सायकल हलवण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलाच पाहिजे, असाही नियम आहे. तो मी इमानेइतबारे पाळला. हेल्मेट फक्त पोहण्याच्या चष्म्यावरूनच चढवले होते. सायकलच्या पाच फेऱ्या होत्या. त्यातली पहिली मी संपूर्ण निळ्या जगात केली.

मागून येणारा जो तो माझी पोटरी वाचूनच पुढे जात होता. "भारी, काका!" "जपून हो, काका!" चौथ्या फेरीला एक गृहस्थ काही न बोलता पुढे गेले. त्यांच्या पोटरीवर ५८ होते. तो आकडा दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो. म्हणजे पुढे रस्ता होता तर!

सायकलवरून उतरलो, पण ते पायांना कुणी कळवले नव्हते. ते गोल गोलच फिरू पाहत होते. या खेळात असे होतेच म्हणतात. तिसऱ्या किलोमीटरला झाडाखाली एक ओळखीची छत्री दिसली. छत्रीखाली ही, आणि हातात कोकम सरबताची बाटली. एक स्वयंसेवक धावत आला. "काकू, बाहेरच्यांची मदत चालत नाही!"

"मी बाहेरची नाही, घरची आहे!" ही म्हणाली.

पण नियम तो नियम. सरबत तिने स्वतः पिऊन टाकले आणि उरलेले दोन किलोमीटर ती फुटपाथवरून माझ्या बरोबरीने चालली. मी पळत होतो आणि ती चालत होती, यावरून माझ्या वेगाची कल्पना यावी. माझा नंबर शेवटून दुसरा आला.

घरी गेल्यावर दंडावरचा नंबर साबणाने निघाला. पोटरीवरचा आकडा काही जाईना. ही खोबरेल तेलाचा बोळा घेऊन बसली, दोनदा घासले आणि थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी सत्तावन्न लिहून घ्या. जरा मोठं काढायला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र आले. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभ्यानेच वाचले. बसण्याची भीती वगैरे काही नव्हती. मांड्यांमुळे बसताच येत नव्हते.