साखरखेर्ड्याची फत्ते

बुलढाणा जिल्ह्यात इतिहास पाहायला आलेला माणूस सरळ सिंदखेडराजा गाठतो. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराव जाधवांचा वाडा, १२ जानेवारीची गर्दी. पाहण्यासारखं तिथं पुष्कळ आहे. त्याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. खरं तर हैदराबादचं राज्य दिल्लीपासून तुटलं, ते या गावाच्या शिवारात.

तारीख ११ ऑक्टोबर १७२४. दिल्लीच्या दरबाराला विटलेला वजीर निजाम-उल-मुल्क दक्षिणेत परतला होता आणि त्याला हटवायला बादशहा मुहम्मदशाहानं हैदराबादच्या सुभेदार मुबारिजखानाला पुढं केलं होतं. निजामाच्या बाजूनं पेशवा बाजीरावाची मराठी फौज होती. लढाईत मुबारिजखान पडला. निजामानं त्याचं मुंडकं दिल्लीला धाडलं आणि वर बादशहाचं अभिनंदनही केलं, की आपल्या एका बंडखोराचा बीमोड झाला! बंड आपण करायचं आणि बंडखोर दुसऱ्याला ठरवायचं, हा मासला राजकारणात आजही जुना झालेला नाही. बादशहा काय समजायचं ते समजला आणि पुढच्याच वर्षी त्यानं निजामाला ‘आसफजाह’ हा किताब दिला. गावाचं नाव फतेहखेडा ठेवलं गेलं, पण लोकांनी ते काही मनावर घेतलं नाही.

मदतीला आलेल्या बाजीरावानंच १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी केली, तो भाग वेगळा.

पन्नासेक वर्षांनी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनीही आपल्या बादशहाशी उभा दावा मांडला. पार्लमेंटात आपला एकही माणूस नाही, मग कर कशाचा, हा त्यांचा सवाल होता. आधी त्यांनी विलायती मालावर बहिष्कार घातला, घरोघर सूत कातलं. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या तीनशेहून अधिक पेट्या पाण्यात गेल्या. १७७५ मध्ये बंदुका चालू लागल्या. व्हॅली फोर्जच्या हिवाळ्यात सेनापती वॉशिंग्टनच्या शिपायांच्या पायांत धड जोडे नव्हते. पारडं फिरवलं ते फ्रान्सनं. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला फ्रेंच आरमारानं समुद्राची वाट अडवली, तेव्हा कुठं इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. तोच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल म्हणून उतरला.

या दोन लढायांत एक मोठा फरक आहे. निजामानं रयतेला कसलंही वचन दिलं नव्हतं. वसाहतवाल्यांनी मात्र ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान असल्याचं लिहून दिलं, आणि लिहून दिलेल्याचा जाब कधी ना कधी कुणीतरी विचारतोच. हा मजकूर लिहिणाऱ्या जेफरसनच्याच मळ्यावर गुलाम राबत होते. १८६० पर्यंत त्या देशात गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली. विलायतेत लँकेशायरच्या गिरण्या चालत त्या प्रामुख्यानं त्यांनी वेचलेल्या कापसावर.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तो कापूस अडला, आणि विलायतेची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावच्या बाजारात कापसाच्या बंड्यांची रांग लागू लागली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका आडवळणाच्या गावाला व्हाइसरॉय उगाच येत नाही. गाडीतून जाताना गाठी जातील, येताना मँचेस्टरचं स्वस्त कापड येईल, आणि इथल्या कातणाऱ्या-विणणाऱ्यांचे हात कापसाच्या शेतीला मोकळे होतील, हे गणित कापूस खात्याच्या साहेबांनी उघडपणे मांडलं होतं. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, बाजारात कापूस विकून धान्य घेणाऱ्या वऱ्हाडाला त्याची किंमत कळली.

तोवर साखरखेर्ड्याच्या विजेत्याचे वारस करत काय होते? फौजेच्या खर्चापोटी त्यांनी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला. १९०२ मध्ये तर शेत ठोक्यानं द्यावं तसा, वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचाच लावून टाकला. इथल्या कास्तकाराला कुणी विचारलं नाही. कागदावर मालकी निजामाची, अंमल साहेबाचा. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ हा किताबही मिळाला.

१५ ऑगस्ट १९४७ ला बुलढाण्यात तिरंगा चढला. सिंदखेडराजाहून हाकेवर असलेला जालना मात्र तेव्हा निजामाच्या हद्दीत होता. लेक इकडे दिलेली, सून तिकडची, अशी घरं दोन्ही बाजूंना होती. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या धाकानं मराठवाड्यातली माणसं वऱ्हाडात आसऱ्याला येत राहिली. त्यांच्या गावांवर तिरंगा चढायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.